मयत रेयनाचं उष्टं

शेवटी डुकराची तिन्ही पिलं जगली. डॉक्टरनं गावच्या चर्चसमोर भोंग्यावरून तसं जाहीर केलं. गावचा कारभारी कापितान गौदेन्सियो, त्यानं आनंदाच्या भरात टोपी वर भिरकावली, ती आंब्याला अडकली. ओन्यांग दोनदा रडली. एकदा आनंदानं, आणि एकदा पहिल्या रडण्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून.

पण ह्यातलं काहीच झालेलं नाही असं धरून चालायचं. टोपी कापितानाच्या डोक्यावरच आहे, आंब्यावर नुसते आंबे आहेत, आणि पिलं आत्ता कुठं सरकारी टेम्पोतून उतरतायत. कानात पिवळे बिल्ले, अंगावर नव्या नोकरीवर आलेल्या माणसासारखा घाबरा तजेला. वाल्दा आपल्या रिकाम्या खोपीच्या दाराशी उभी आहे आणि देवाजवळ एकच गोष्ट मागतेय, की मागच्या कळकाच्या बेटातून आत्ता आवाज येऊ नये.

आवाज आला. चांगला लांबलचक, पोटातून निघालेला.

"हा कसला आवाज?" डॉक्टर लासेर्ना थबकला. पोरगेलासा माणूस. अंगात प्लास्टिकचा पांढरा झगा, पायात गुडघ्याएवढे बूट. उकाड्यानं झग्याच्या आत त्याचा पार भात शिजला होता.

"काय न्हाई डॉक," वाल्दा म्हणाली. "माजा नवरा हाय."

"आजारी आहेत?"

"न्हाई. घोरतोय."

आता ताकियो, म्हणजे वाल्दाचा नवरा, डॉक्टरच्या पाठीमागंच खाद्याचं पोतं घेऊन उभा होता. त्यानं पोतं अलगद खाली ठेवलं आणि मागच्या मागं केळीत शिरून बेटाकडं गेला, घोरायला.

कापितानानं खाकरून घेतलं. जमलेल्या गावानंही खाकरून घेतलं. तिग्बाकाय गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की बेटात वाल्दाची डुकरीण रेयना आहे, आणि सरकारदरबारी रेयना मेलेली आहे.

डॉक्टरनं पिलं खोपीत सोडली आणि लोकांकडं वळला. "ही पहारेकरी पिलं. ह्यांचं काम एकच. इथं राहायचं आणि आजारी पडायचं नाही."

"आनि पडली तर?" ओन्यांगनं विचारलं. ही शेजारीण. तिचं नाक प्रत्येक खोपीत असायचं.

"तर कळेल की विषाणू अजून गावात आहे. मग गावाला डुकरं मिळणार नाहीत. सरकारनं घातलेल्या मुदतभर जगली, तर घरटी एक पिल्लू."

"म्हंजी ह्यास्नी मरायला आनलंय."

"जगायला आणलंय. मेली तर आपल्याला कळावं म्हणून."

"आमच्या कापितानाची नेमनूकबी अशीच झालती," ओन्यांग म्हणाली. सगळे हसले. कापितान सगळ्यात शेवटी हसला, कारण त्याला ते सगळ्यात शेवटी कळलं.

वाल्दा हसली नाही. तिचं सगळं ध्यान बेटाकडं.

तिग्बाकायमध्ये एका घरचं डुक्कर कधी एका घरचं नसतं. खोप मालकिणीची, पण प्रत्येक घराच्या मागच्या दाराला एक बादली टांगलेली असते. भाताचं धुवण, माशांची डोकी, पोरांनी टाकलेली ताटं, सगळं त्यात. सांजेला मालकीण बादल्या गोळा करत फिरते. डुक्कर कापलं की ज्याची बादली त्याचा वाटा. त्यामुळं रेयना आज नीट जेवली का, असं लोक वाल्दाला रस्त्यात थांबवून विचारायचे. वाल्दा जेवली का, हे कुणी विचारत नसे.

रोग आला तो ह्याच बादल्यांतून. गावच्या जत्रेला कुणाच्या तरी पाहुण्यानं शहरातून डुकराच्या मांसाच्या सॉसेजची माळ आणली, उरलेलं बादलीत गेलं, बादल्या एकमेकींत गेल्या. पाहुणा कुणाचा हे आजतागायत ठरलेलं नाही. जो तो म्हणतो, दुसऱ्याचा. जत्रेच्या पताका उतरायच्या आत डुकरं आडवी पडू लागली. कान लालभडक, पोटावर जांभळे चट्टे, ताप असा की अंगावर हात ठरेना. मग प्लास्टिकचे झगे आले आणि उरलीसुरली डुकरं एका मोठ्या खड्ड्यात गेली. रेयना तेव्हा निपचित पडली होती. झगेवाल्यानं काठीनं टोचलं, ती हलली नाही. त्यानं 'मयत' असं लिहिलं, आणि आमचा खड्डा भरला, हिला तुमचं तुम्ही पुरा, असं सांगून तो निघून गेला.

ताकियोनं बेटात खड्डा खणला. खणून दमला म्हणून माडी प्यायला बसला. माडी संपवून येतो तर रेयना रांगत येऊन आपल्या पायानं खड्ड्यात उतरलेली, गार मातीला पोट लावून बसलेली.

"वाल्दे," त्यानं हाक मारली. "मयत केळीचा बुंधा खातंय."

वाल्दा खड्ड्याच्या काठाशी मटकन बसली आणि रेयनाच्या कपाळावर हात ठेवून इतका वेळ रडली की रेयना कंटाळून दुसरीकडं बघू लागली. ह्या डुकरिणीला तिनं पिल्लू असताना स्वतःच्या ताटातला भात भरवला होता. तापात तिच्या अंगावर ओली पोती बदलली होती. रेयनाला कुणी हात लावायचा नाही, हे त्या खड्ड्याशीच तिनं ठरवून टाकलं.

गावानं तोंड बंद ठेवलं. ते वाल्दासाठी नव्हे. रेयना वाचली ती आपल्याच बादलीनं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"माज्या कोळंबीच्या डोस्क्यांनी तारलं तिला," ओन्यांग म्हणायची.

"कुटली कोळंबी? साल फकस्त धाडायचीस तू," कापितान म्हणायचा. "माज्या घरच्या हाडांचा रस्सा व्हता त्यो. ताकद हाडात असतीया."

"काप, तुमच्या घरच्या रश्शात हाड सोडून समदं असतंय. आमी जेवलोय तुमच्यात."

तर पिलं आली त्या दिवशी ओन्यांगला राहवलं नाही. "डॉक," ती भोळा चेहरा करून म्हणाली, "समजा, एखादी डुकरीण ह्या रोगातनं उटली. समजा हां."

वाल्दानं तिच्या पायावर पाय दिला. ओन्यांगनं पाय काढून घेतला.

"क्वचित उठतं एखादं जनावर," डॉक्टर म्हणाला. "त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद येते. पण ती त्याची त्याच्यापुरती, दुसऱ्याला देता येत नाही. आणि विषाणू त्याच्या अंगात महिनोन्महिने दडी मारून राहू शकतो. ते ठणठणीत दिसतं, पण त्याच्या लाळेतनं, विष्ठेतनं, त्याला हात लावलेल्या माणसाच्या पायतणातनंसुद्धा दुसरी डुकरं मरतात."

"आसं जनावर घावलं तर?"

"मारावं लागेल. दुसरा इलाज नाही."

गावानं ह्यातलं पहिलं, फार तर दुसरं वाक्य घरी नेलं. बाकीची खोपीच्या दाराशीच सोडली. ती सगळी वाल्दानं उचलली, आणि तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागेना.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर गाव जमलं.

"वाल्दा, इचार झालाय," कापितान म्हणाला. "रेयनाच्या अंगात ताकद हाय. ती पिलांच्या अंगात गेली पायजे. तवा रोज सकाळी रेयनाचं उष्टं पिलास्नी घालायचं."

"काप, डॉक काय म्हनला ऐकलं न्हाई का? लाळंतनं रोग जातोय."

"लाळंतनंच ताकदबी जातीया. दार एकच असतंय. आत कोन शिरतंय त्ये घरातल्याच्या नशिबावर."

"ताकद दुसऱ्याला देता येत न्हाई म्हनला त्यो."

"त्यो पोरगा हाय," एक म्हातारा म्हणाला. "त्येच्या आयनं त्येला दिली न्हाई वाटतं. कसा घामाघूम झालता."

"मी न्हाई घालायची," वाल्दा म्हणाली.

ओन्यांग पुढं झाली. आवाज मधासारखा, हाकही थोरल्या बहिणीला मारतात तशी. "नांग वाल्दा, तुजी डुकरीन आमी झाकली. आमची पोरं झग्यावाल्याम्होरं खोटं बोलली. आता गावासाटी मूठभर उष्टं देयाला तुजा हात आखडतोय? मग आमचं त्वांड तरी कशापायी बंद ऱ्हावं?"

म्हणजे झालं. दिलं, तर पिलं मरणार. पिलं मेली की झगेवाले गाव पिंजून काढणार, आणि रेयना सापडणार. नाही दिलं, तर गाव आजच सांगणार. कुठल्याही वाटेनं गेलं तरी शेवटी रेयनाच्या खड्ड्यापाशीच पोचत होतं.

"घालते," वाल्दा म्हणाली.

घरी येऊन तिनं पहिलं काम केलं ते नवऱ्याला हाकलायचं.

ताकियो बेटातून नुकताच येत होता. वाल्दानं अंगणातूनच हात वर केला. "तिथंच थांब. आजपासनं ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

"काय केलं मी?"

"काय न्हाई केलंस. रेयनाला हात लावलास."

"तिला हात लावला म्हनून बायकू घराभाईर काडती?"

"तू तिचं बगायचं, मी पिलांचं. तिच्याकडचं काय बी हिकडं येता कामा न्हाई. तू न्हाई, तुजी चप्पल न्हाई, बादली न्हाई. जेवान मी त्या माडाच्या खोडावर ठेवीन. मी मागं सरले की तू यायचं."

"किती दिस?"

"पिलं जगस्तवर."

ताकियोनं थोडा विचार केला. "तिच्या संगं झोपायचं व्हय?"

"घोरायला तिकडंच जातुयास ना, गावाला म्हाइतीच हाय."

अशी त्यांची ताटातूट झाली. गावात बोलबाला असा झाला, की वाल्दानं नवऱ्याला एका बाईपायी घराबाहेर काढलं. ती बाई बेटातच राहते, अंगानं दांडगी आहे आणि नवऱ्याला तिच्याशिवाय करमत नाही. ह्यातलं खोटं असं काहीच नव्हतं, त्यामुळं वाल्दाला नाकारताही येईना.

रोज सकाळी खोपीपाशी गाव जमायचं. वाल्दा झाकलेलं पातेलं घेऊन यायची आणि पिलांच्या डोणीत ओतायची. त्यात रेयनाचं काही नसायचं. कोंडा, रताळ्याचे वेल आणि नाळीची भाजी ती आदल्या दिवशी खळाखळा उकळायची, गार करायची, वरून चमच्यानं चिवडून ठेवायची. उष्टं दिसलं पाहिजे ना.

"आज रेयना कमी जेवलेली दिसतीया," ओन्यांग पातेल्यात डोकावून म्हणायची.

"भूक न्हवती तिला."

"माजी बादली का न्हेत न्हाईस? कोळंबी ठेवलीया तिच्यासाटी."

"न्हेते की."

ती बादली नेऊन केळीच्या मुळाशी ओतायची. त्या केळीला त्या मोसमात असा घड लागला की लोक बघायला येत आणि म्हणत, बघा, रेयना हिच्याजवळनं जाते ना, म्हणून.

दिवसभर वाल्दाला चैन नसायची. पिलांपाशी जायची, कान चाचपायची, लाल नाहीत बघून परत यायची, विळा हातात घ्यायची, विळा टाकून परत जायची. पायतण चुन्याच्या पाण्यात इतक्या वेळा बुडवायची की त्याचा अंगठाच गळून पडला. जाईल तिथं तिचं डोकं दोन्हीकडं. इकडं पिल्लू शिंकलं की तिला रेयनाचं मरण दिसायचं. तिकडं रेयना ओरडली की पिलांचं. कापणी झालेल्या भाताच्या शेतात उभं राहून ती बेटाकडं ओरडायची.

"जेवली का?"

"कोन? मी का ती?"

"ती!"

"जेवली! मीबी जेवलो, इचारलंस तर!"

"न्हाई इचारलं!"

आणि एका सकाळी एक पिल्लू उठेना.

तिघांतलं सगळ्यात धीट ते. भिंतीला टेकून पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. वाल्दानं उठवलं, चार पावलं तिरकं चाललं, भिंतीवर आदळलं आणि खाली बसलं. तिनं हातानं तोंड दाबून धरलं, कारण ओरडली असती तर बेटातून ताकियो धावत आला असता, आणि त्याच्या पायांबरोबर नको ते आलं असतं.

डॉक्टर तालुक्याहून मोटारसायकलवर आला. गाव गोळा झालं. डॉक्टरनं झगा चढवला, पिलाचे कान बघितले, पोट बघितलं, ताप मोजला. वाल्दा त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला त्या तोंडावर झगेवाल्यांची अख्खी रांग दिसत होती, बेटाकडं निघालेली.

डॉक्टर वाकला, पिलाच्या तोंडाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"ह्याला दारू कुणी पाजली?"

कापितानानं टोपी काढली.

"दारू न्हाई, माडी. थोडीशीच. सांजच्याला एकटंच उभं व्हतं बिचारं. म्हनलं, पहारा देतंय, अंगात जरा ऊब यावी."

"काप!" वाल्दा किंचाळली.

"मीबी घेतली ना त्येच्यासंगं! एकट्याला न्हाई पाजली."

डॉक्टरनं लिहायला कागद काढला, पण पहारेकरी पहाऱ्यावर प्यायला हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला सुचेना. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. दुपारपर्यंत पिल्लू शुद्धीवर आलं आणि त्यानं डोणीतलं सगळं खाल्लं. वाल्दा मात्र त्या दिवशी काही खाऊ शकली नाही.

मुदत संपली. इथं ती टोपीची गोष्ट येते. भोंगा, आंबा, ओन्यांगचं दोनदा रडणं, सगळं जसंच्या तसं. घरटी एक पिल्लू मंजूर झालं. वाल्दा गर्दीच्या मागं भुईवर बसली. आता ताकियो आंघोळ करून, कपडे जाळून घरी येऊ शकत होता. बेटाभोवती ती दाट कुंपण घालणार होती. रेयना म्हातारी होणार होती, गपगुमान.

तेवढ्यात कापितान भोंग्यावर चढला. म्हणजे भोंग्याजवळच्या बाकावर. डॉक्टर निघून गेला होता.

"गावकऱ्यांनो, ही कुनाची पुण्याई हाय त्ये समद्यास्नी म्हाईत हाय. रेयनाच्या उष्ट्याची! आता नवी पिलं येत्यात. तवा असं ठरलंय, की ती आली की रेयनाला रेड्याच्या गाडीत बसवायची, गळ्यात फुलं घालायची, वाजतगाजत घरोघरच्या खोपीत न्यायची. प्रत्येक डोणीत तिनं त्वांड घालायचं. मंग बगू रोग कसा येतोय त्यो!"

गाव टाळ्या वाजवू लागलं. पोरं कुठला पत्र्याचा डबा वाजवायचा ह्यावरून भांडू लागली.

वाल्दा उठली आणि सरळ बाकावर चढली. कापितान घसरून खाली आला.

"ऐका! पिलास्नी रेयनाचं उष्टं मी कदी घातलंच न्हाई. एक दिसबी न्हाई. उकळलेलं घातलं, घरचं. म्हनून ती जगली. रेयनाच्या अंगात रोग दडलेला असंल. तिला घरोघर फिरवली तर समदी पिलं मरतीली. समदी!"

ओन्यांग हसली.

"बाई गं. इतका जीव लावतीया डुकरिनीला. गावात न्ह्यायला नगं म्हनून काय काय रचतीया बगा."

"खरं बोलतीया मी!"

"आमी रोज आमच्या डोळ्यांनी बगितलं नव्हं? उष्टं उष्ट्यासारखं दिसत व्हतं."

"मी चिवडून ठेवायची त्ये!"

"आगं, मंग हुरहुर कशापायी व्हती तुला? घरचंच घालत व्हतीस तर झोप का उडाली तुजी?"

शेताच्या बांधावरून ताकियो ओरडला, "खरं सांगतीया ती! मी साक्षीला हाय!"

"ज्येला घराभाईर काडला त्यो साक्षीला," कोणीतरी म्हणालं, आणि हसण्यात सगळं बुडालं.

आता तिला कोण वाचवणार? डॉक्टरला सांगावं, तर रेयना मरते. न सांगावं, तर नवी पिलं येतील त्या दिवशी गाडी जुंपली जाईल आणि मरण फुलं घालून दारोदार फिरेल. वाल्दानं दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या. एकदा तिला वाटलं, रेयनाला घेऊन डोंगरात पळून जावं. मग आठवलं, रेयना चढ चढत नाही. एकदा वाटलं, ओन्यांगचा गळा दाबावा. तो विचार बराच वेळ टिकला.

तिसऱ्या दिवशी तिनं पाय चुन्याच्या पाण्यात बुडवले, स्वच्छ झगा घातला आणि तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथं दाराशी एक म्हातारा लोकांचे अर्ज टंकून द्यायचा.

"काय विषय?" त्यानं विचारलं.

"स्मशान," वाल्दा म्हणाली.

तिनं सांगितलं, त्यानं टंकलं. मधे दोनदा त्यानं हात थांबवून तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "लिवा." अर्ज असा:

माननीय महापौर साहेब यांचे सेवेशी. अर्जदार रोमुआल्दा ऊर्फ वाल्दा, राहणार तिग्बाकाय, विनंती अर्ज सादर करते की, अर्जदाराची डुकरीण नामे रेयना ही आपल्या कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मयत असून अर्जदारास ती नोंद मान्य आहे. सबब सदर मयत जिथे आहे ते कळकाचे बेट अधिकृत दफनभूमी म्हणून जाहीर करण्यात यावे. दफनभूमीच्या नियमांनुसार मयतास बाहेर काढणे, गाडीत बसवणे, फुले घालून मिरवणे व इतरांच्या डोणीत तोंड घालावयास लावणे यांस सक्त मनाई असावी. दफनभूमीत कोणतेही जिवंत डुक्कर आणू नये. मयताच्या जवळच्या नातेवाइकांपैकी एकास, म्हणजे अर्जदाराच्या पतीस, तिथे कायम मुक्कामाची परवानगी मिळावी. सर्व संतांच्या सणाला आपण सगळेच कबरींवर जेवण नेतो, त्याच रिवाजास धरून मयतास दररोज दोन वेळ जेवण देण्याची मुभा असावी. उन्हाळ्यात मयताची लोळण सुकते, करिता पाण्याचा एक नळ मंजूर व्हावा. मयताची प्रकृती सध्या उत्तम आहे. तरी मेहेरबान साहेबांनी सदर प्रकरणी मयत पुन्हा मयत होण्यापूर्वी निर्णय द्यावा, ही नम्र विनंती.